कॉलेज न सुटता

यंत्रमागांवर चालणाऱ्या भिवंडीत कॉलेजात जाणारी मुलगी अनेकदा तिच्या घरातली पहिलीच असते, आणि तिचं शिक्षण घरच्यांच्या परवानगीवर चालतं. म्हणून एखाद्या प्राध्यापकाने किंवा कारकुनाने लैंगिक त्रास दिला, तर त्याचं पुढे काय होईल यापेक्षा घरी कळल्यावर आपलं कॉलेज सुटेल, ही धास्ती तिला मोठी वाटते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७चा, त्यावरचा कायदा २०१३चा, विद्यापीठ अनुदान आयोगाची नियमावली २०१५ची. त्यांवरची आपली चर्चा मात्र शिक्षेपाशीच अडते. माझी कसोटी साधी आहे: तक्रार करणारी मुलगी पुढच्या सत्रात वर्गात बसलेली दिसते का?

शिक्षेवर सगळी भिस्त ठेवली की काय होतं, हे गोवा विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. २००९मध्ये विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या तक्रार समितीने शेवटी शेवटी बैठका घाईने उरकल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा अवधी दिला नाही, आणि मे २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द करून प्रकरण पुन्हा समितीकडे धाडलं. चौदा वर्षं! समितीचा कच्चेपणा अखेर तक्रारदारांनाच भोवला. आरोपीला नीट संधी मिळाली, तरच तक्रार कोर्टात टिकते.

पण नीट चौकशीलाही वेळ लागतो. नियमावली नव्वद दिवस देते, तेवढ्यात सत्र सरत येतं. त्या काळात आरोपीला तिच्या परीक्षा आणि मूल्यमापनापासून दूर ठेवता येतं. दोष ठरण्याआधीच ही शिक्षा, असं म्हणणाऱ्यांनी पाहावं की एवढ्याने त्याचा पगार, पद काहीच जात नाही. फक्त एका मुलीचे गुण त्याच्या हातून सुटतात. खोट्या तक्रारींची भीतीही सांगितली जाते. पण पुरावा कमी पडला एवढ्यावरून कायदा तक्रारदाराला दोषी धरत नाही. तिचा दुष्ट हेतू चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. मला याहून अवघड वाटतो तो बोभाट्याचा आक्षेप. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तेव्हा समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थीही बसतात. ओळखीपाळखीच्या गावात त्यांतला एखादा तिच्याच मोहल्ल्यातला निघायचा. गोपनीयतेचं कलम आहे, पण ते तिला कोण सांगणार? समितीच्या फलकावर नावं आणि फोन नंबर असतात. त्यांखाली आणखी एक ओळ हवी: अठरा वर्षं पूर्ण झालेल्या विद्यार्थिनीच्या तक्रारीची माहिती तिच्या संमतीशिवाय घरी कळवली जाणार नाही.