ग्वेनल्लियन, तुझे गड

ग्वेनल्लियन, वेल्सच्या राजकन्ये, तुझ्या देशाचे किल्ले बघायला आलेला माणूस आधी कॉनवीला जातो. तिथे नदीच्या मुखाशी आठ बुरूज खांद्याला खांदा लावून उभे आहेत. मग तो कार्नार्वन बघतो, हार्लेख बघतो, ब्युमारिस बघतो. दगडाचं काम असं देखणं की नजर हटत नाही. १९८६ पासून हे चारही जागतिक वारसा आहेत. पण त्यांतला एकही तुझ्या माणसांचा नव्हे. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने तुझा मुलूख जिंकला आणि त्याने पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून हे किल्ले बांधले. कॉनवीच्या किल्ल्यासाठी त्याने तिथला मठही हलवला. त्याच मठात तुझे पणजोबा, थोरले लिवेलिन, मातीआड विसावले होते.

तुझ्या घराण्याचा गड बघायचा तर मोठा रस्ता सोडून दसनीच्या खोऱ्यात शिरावं लागतं. कादेर इद्रिस डोंगराच्या सावलीतलं कास्तेल-अ-बेरे पणजोबांनी १२२१ मध्ये बांधायला घेतलं. खडकाची लांबट सोंड आणि तिच्याच वळणाने गेलेला तट. आता छप्पर नाही, दार नाही; ढासळत्या भिंती आणि त्यांच्या मधलं गवत. जवळच क्रेग-अर-अडेरिनचा कडा आहे. कधीकाळी समुद्र त्याच्या पायथ्याशी होता म्हणतात. समुद्र केव्हाच मागे गेला. पाणकावळे मात्र अजून त्याच कड्यावर घरटी बांधतात.

तुला तेवढंही लाभलं नाही. १२८२ च्या जूनमध्ये तू जन्मलीस आणि तुला जन्म देतानाच आई गेली. डिसेंबरात किलमेरीजवळ वडील पडले. त्यांचं शिर लंडनला नेऊन मिरवलं. पुढच्या एप्रिलमध्ये कास्तेल-अ-बेरे गेलं, मग काका दाविदही गेले. तू अजून पाळण्यात होतीस. तुझ्या पोटी उद्या वारस जन्मेल, या भयाने विजेत्याने तुला दूर लिंकनशरमधल्या सेम्प्रिंगमला, जोगिणींच्या मठात धाडलं. १३३७ मध्ये तिथेच तुझे डोळे मिटले. वडिलांसाठी ग्रिफिद अब अर इनाद कोख या कवीने केलेला विलाप वेल्श भाषेचं धन आहे. त्या भाषेपासून तुला तान्हेपणीच तोडलं होतं. एका राजकन्येचं अख्खं आयुष्य असं चार भिंतींत मुरवून टाकलं, याची चीड सात शतकांनंतरही येते, आणि ती यायलाच हवी.

म्हणून कॉनवी जरूर बघावं, हार्लेखच्या तटावरून समुद्रही बघावा. पण कास्तेल-अ-बेरेला गेल्याशिवाय वेल्स बघितलं असं म्हणू नये. आणि उत्तरेला कार्नेधाईच्या रांगेकडे मान वर करावी. तिथल्या दोन उंच शिखरांवर लिवेलिन आणि दाविद ही नावं पूर्वीपासून आहेत. २००९ मध्ये त्याच रांगेतलं एक शिखर नकाशावर कार्नेध ग्वेनल्लियन झालं. किल्ले जिंकणाऱ्यांनी बांधले, पण डोंगरांना नावं द्यायचा हक्क हरलेल्यांच्या लेकरांनी सोडला नाही, कारण त्यांनी भाषा सोडली नव्हती. तू जी बोलू शकली नाहीस, ग्वेनल्लियन, ती भाषा त्या डोंगरांच्या पायथ्याशी लहान मुलं आजही बोलतात.