पावसाळी फळी आणि स्ट्रायकर

जून लागला की आमच्या घरातला कॅरम आळसावतो. खोपटला आमचे घर तळमजल्यावर. भिंतींना ओल येते, डब्यातले पापड मऊ पडतात, तिथे प्लायच्या फळीची काय कथा! मे महिन्यात एका टिचकीत समोरच्या कडेला धडकून परत येणारा स्ट्रायकर जुलैत मध्येच रेंगाळतो. मग अब्बा बल्बची वायर खाली ओढतात आणि अर्धा तास फळी शेकतात. पाहुण्यांना हे वेड वाटते. पण क्लबमध्येही प्रत्येक बोर्डावर शेडचा दिवा टांगलेला असतो, आणि तो नुसता उजेडाचे काम करत नाही. त्याच्या उबेने फळी कोरडी राहते.

दुसरी गोष्ट पावडरची. बोरिक पावडरचे कण पातळ पापुद्र्यांचे असतात आणि ते पापुद्रे एकमेकांवरून सहज घसरतात. म्हणून चिमूटभर पावडर पुरते. आमच्याकडे मुले मूठभर टाकतात, आणि दमट हवेत तिचे गोळे होऊन सोंगटी उलट अडखळते. (हीच पावडर झुरळांच्या गोळ्यांत घालतात. खेळ संपल्यावर हात धुतल्याशिवाय दस्तरखानावर बसू द्यायचे नाही, हा अम्मीचा कायदा आहे.)

हे सगळे आम्हाला जिव्हाळ्याचे झाले ते धाकटीमुळे. ती आठवीत आहे. गेल्या ऑगस्टमध्ये शाळांच्या एका स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. घरी तिचा हलका कट कधी चुकत नाही. तिथे सोंगटी खळग्याच्या तोंडाशी येऊन थांबायची. पुढच्या वेळी तिने जोर लावला की नेम जायचा, आणि एकदा तर स्ट्रायकरच आत गेला. अब्बा म्हणाले, "बोर्ड ओला होता." खाला तेव्हा राबोडीहून आल्या होत्या. त्यांनी चहा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाईजान, समोरच्या मुलीलाही तोच बोर्ड होता ना? हिचा हात नाही तेवढा. उगाच पोरीला हॉलमध्ये घेऊन फिरता."

प्रश्न बिनतोड होता. धाकटी काही बोलली नाही. दोन महिने तिने कॅरमला हात लावला नाही आणि आम्हीही तिला आग्रह केला नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हट्टाने आम्ही ठाण्यातल्याच एका मॉलमध्ये बोलिंग खेळायला गेलो. लांब लाकडी पट्टी, टोकाला दहा बाटल्यांसारख्या पिना, आणि बोटे घालायला भोके पाडलेला जड चेंडू. तो जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा असू शकतो. थोरल्याने आधीच बरेच वाचून ठेवले होते, म्हणून आम्हाला कळले की त्या पट्टीवर तेल असते. चेंडू सोडायच्या रेषेपासून पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट अंतर, त्यातल्या साधारण पहिल्या ४० फुटांवर यंत्राने तेलाचा पातळ थर देतात. पुढचा भाग कोरडा. मॉलसारख्या ठिकाणी बहुतेक वेळा मध्ये तेल जास्त, कडांना कमी. लांबून काहीच दिसत नाही, सगळी पट्टी सारखीच चकाकते.

फिरकी देऊन सोडलेला चेंडू तेलावर नुसता घसरत जातो आणि कोरड्या भागात आला की लाकडाला धरून वळतो. तेल जास्त असेल तर तो वळायच्या आतच पिनांशी पोहोचतो. कमी असेल तर फार लवकर वळतो आणि नेम एका बाजूला राहतो. शिवाय चेंडूचीही जात असते. भाड्याचे चेंडू साध्या प्लॅस्टिकचे, ते फारसे वळत नाहीत. स्पर्धकांच्या चेंडूंना रेझिनचे कवच असते. ते तेल शोषते आणि कोरड्या जागी पकड घेते. तेल भरपूर असेल तर कवच घासून खरबरीत करतात. आणि खेळता खेळता तेल पुसले जाते, म्हणून सकाळची पट्टी दुपारी तीच राहत नाही. चांगला खेळाडू हात तोच ठेवतो आणि उभे राहायची जागा बदलतो.

धाकटी तिथेच म्हणाली, "म्हणजे त्या मुलीने माझ्याआधी बोर्ड ओळखला."

खालांच्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर आमच्यापैकी कुणाला सुचले नव्हते. बोर्ड दोघींना एकच होता हे खरे, पण धाकटीने जन्मात घरच्या फळीशिवाय दुसरी पाहिली नव्हती.

तेव्हापासून अब्बांनी वही घातली आहे. दर रविवारी तिला वेगळ्या बोर्डावर नेतात. कधी राबोडीत मोहल्ल्यातल्या मुलांचा जुना, मध्यभागी झिजलेला. कधी क्लबमधला दिव्याखालचा. ती बेस लाइनवरून एकाच जोराच्या पाच टिचक्या मारते आणि स्ट्रायकर कुठे थांबला ते अब्बा लिहितात. घरच्या फळीवर तो समोरून येऊन मध्यावर थांबतो, क्लबमध्ये त्याच टिचकीत तिच्या बोटांशी परत येतो. वेगवान बोर्डावर दुखणे निराळे: जोर जरा जास्त झाला की सोंगटी खळग्याच्या कडेवर आपटून बाहेर उडते. ते तिला अजून साधलेले नाही.

खालांना आम्ही चेन्नईच्या काझिमाची बातमी दाखवली. रिक्षाचालकाची ही मुलगी, तिने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या जागतिक कॅरम स्पर्धेत तीन सुवर्णपदके जिंकली. खाला बराच वेळ फोटो पाहत राहिल्या. मग विचारले, "तिकडे अमेरिकेत बोर्ड कसा होता?" ते बातमीत नव्हते.

पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरून झाला आहे. सोबत कोण जाणार, ते अजून ठरायचे आहे. खाला म्हणतात, सुट्टी असेल तर त्या येतील, पण हॉलमध्ये बसणार नाहीत, बाहेर थांबतील.