घरची मोठी मोटार

संसारांत कांहीं खरेदी अशी असते कीं तिचा विचार केवळ पैशांपुरता राहत नाहीं. घर बांधणें ही त्यांतली पहिली; आणि एकत्र कुटुंबांत मोटार घेणें ही, आमच्या मतें, दुसरी. दोघांतिघांच्या बिऱ्हाडास गाडी घ्यावयाची तर किंमत, रंग व पेट्रोलचा खर्च एवढें पाहिलें म्हणजे पुरतें. पण जेथें तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात तेथें कोणीं कोठें बसावें, कोणाच्या कामास गाडी आधीं जावी, आणि सर्वांस जागा नसेल तर मागें कोणीं राहावें, हे सारे प्रश्न गाडीबरोबरच दाराशीं येऊन उभे राहतात. गेल्या महिन्यांत आमच्या घरीं सात जागांची नवी मोटार आली. तिच्याविषयीं प्रथमदर्शनीं जें वाटलें तें वाचकांपुढें मांडीत आहों. कंपनीचें नांव मुद्दामच देत नाहीं. या जातीच्या बहुतेक गाड्यांस हें वर्णन थोड्याफार फरकानें लागू पडेल.

मोटारीच्या धंद्याशीं सोलापूरचें नातें तसें जुनें. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं याच गांवीं झाला, आणि त्यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघालेली फियाट आणि पुढें पद्मिनी कित्येक मध्यमवर्गीय घरांची पहिली गाडी ठरली. मात्र त्या गाडींत जेवढी माणसें बसत, तेवढ्यांसाठीं ती केलेली नव्हती! मांडीवर मूल आणि पायांशीं डबा, असाच तो प्रवास असे. १९८४ सालीं मारुतीची व्हॅन आली. पुढें ओम्नी या नांवानें ती घरोघरीं ओळखली जाऊं लागली आणि २०१९ पर्यंत निघत राहिली. टोयोटाची क्वालिस २००० सालीं आली, इनोव्हा २००५ सालीं, आणि मारुतीची एर्टिगा २०१२ सालीं. तीन रांगांच्या गाड्यांची ही वंशावळ पाहिली म्हणजे कुटुंबें लहान होत चाललीं तरी सर्वांनीं मिळून जाण्याची हौस कमी झालेली नाहीं, असें म्हणावेंसें वाटतें.

आमच्या घरीं माणसें नऊ : आई, थोरले बंधु व वहिनी, आम्ही उभयतां, आणि दोन्ही बाजूंचीं मिळून चार मुलें. थोरला पुतण्या शिक्षणासाठीं पुण्यास असतो. त्याचें म्हणणें असें कीं तेरा लाखांवर रक्कम एका गाडींत घालण्यापेक्षां तेवढ्यांतच दोन लहान गाड्या घ्याव्या. म्हणजे कोणाचें कोणावांचून अडणार नाहीं. हिशेबाच्या दृष्टीनें त्याची बाजू बळकट होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून, लांबी चार मीटरांपर्यंत व इंजिन १२०० घन सेंटिमीटरपर्यंत असलेल्या पेट्रोलच्या गाडीवर वस्तु व सेवा कर १८ टक्के आहे. त्याहून लांब, मोठ्या इंजिनाच्या गाडीवर तो ४० टक्के. सारें घर एका गाडींत बसवावयाचें म्हटलें कीं कायद्याच्या दृष्टीनें ती चैन ठरते, हें पाहून बंधूंस हसूं आलें. दोन संध्याकाळ हा वाद चालला. शेवटीं वहिनींनीं एवढेंच विचारलें, "आई कोणत्या गाडींत बसायच्या?" या प्रश्नास कोणाजवळच उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं मोठ्या गाडीची नोंदणी झाली.

आतां गाडीविषयीं. पहिली गोष्ट तिच्या बैठकीची उंची. आईचें वय एक्याऐंशी, गुडघे थकलेले. लहान गाडींत बसतांना खालीं वांकावें लागे व उतरतांना दोघांनीं हात द्यावा लागे. जीपसारख्या उंच गाडींत चढणेंच अशक्य. या गाडीची मधली बैठक बरोबर कमरेच्या उंचीवर येते. आई आधीं टेकते, मग पाय आंत घेते. दुसरी गोष्ट थंड हवेची. सोलापूरचा उन्हाळा ४३ अंशांच्या वर जातो, हें येथील रहिवाशांस सांगावयास नको. मागच्या रांगांसाठीं छताशीं हवेचे निराळे झरोके असल्यामुळें मुलांचे चेहरे आतां पहिल्यासारखे कोमेजत नाहींत. पट्ट्याचें मात्र आईस अवघड वाटलें. मागें बसणारांनींही तो बांधणें कायद्यानें आवश्यक आहे, आणि न बांधल्यास १००० रुपये दंड आहे, हें सांगितल्यावर तिनें पदर सारखा करून तो मुकाट्यानें बांधून घेतला.

शेवटच्या रांगेविषयीं स्पष्ट लिहिणें बरें. ती मुलांसाठीं उत्तम. मोठ्या माणसाचे गुडघे तेथें हनुवटीशीं येतात, आणि आंत जाण्यास मधली बैठक दुमडून अंग चोरावें लागतें. शिवाय ती रांग उभी असली कीं मागें दोनतीन पिशव्यांपलीकडे सामान मावत नाहीं. सात माणसें किंवा पुष्कळ सामान, यांपैकीं एकच काय तें निवडावें. आमच्या पेठेंतील बोळांत गाडी वळवितांना शेजाऱ्यांच्या ओट्यांची काळजी घ्यावी लागते, तें निराळेंच.

पहिला प्रवास अर्थातच तुळजापूरचा. अंतर ४५ किलोमीटरांच्या आसपास. पण चार वर्षांत आईस तेवढेंही घडलें नव्हतें. सात जणांचा भार घेऊन घाट चढतांना इंजिनाचा आवाज थोडा जड झाला, एवढेंच. देवळांत जाण्यास महाद्वारांतून बऱ्याच पायऱ्या खालीं उतराव्या लागतात. आईस हात धरून महाद्वारापर्यंत नेलें. पायऱ्या पाहून ती थांबली आणि तेथूनच तिनें हात जोडले. "येवढें झालें, पुष्कळ झालें," असें म्हणाली. आम्हांस मात्र तें पुष्कळ वाटलें नाहीं.

त्या दिवशीं घरीं एकट्या वहिनी राहिल्या होत्या. कोणीं त्यांस राहा म्हटलें नव्हतें. जागा सात आणि माणसें आठ, हें पाहून त्या आपण होऊनच मागें सरल्या. ही गोष्ट आईच्याच ध्यानांत प्रथम आली. परत येतांना घाट उतरण्याच्या आधींच ती म्हणाली, "पुढच्या खेपेस मोठी माझ्या शेजारीं बसेल. घरीं कोण राहायचें तें तुम्ही भाऊ ठरवा." तेव्हांपासून स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर घरीं राहणाराचें नांव पाळीपाळीनें लिहिलें जातें, आणि पंढरपूरच्या दिवसासमोर आमचें नांव आहे.

अशी गाडी घेऊं इच्छिणारांस आमची एवढीच सूचना. नुसतें माहितीपत्रक वाचून ठरवूं नये. घरांतील सर्वांत वृद्ध माणसास दुकानीं नेऊन मधल्या रांगेंत, आणि सर्वांत उंच माणसास शेवटच्या रांगेंत, पंधरा मिनिटें बसवून पाहावें. आणि जागांपेक्षां माणसें अधिक असतील, तर मागें कोणीं राहावयाचें हें गाडी दारीं येण्यापूर्वींच ठरवावें. नाहीं तर तें आपोआप ठरतें, आणि बहुधा एकाच माणसाच्या वांट्यास येतें.