थंडीत अळी नेमकी कधी मरते?

२००१ सालच्या शेवटी स्पेनहून अमेरिकेत गेलेल्या क्लेमेंटाइन संत्र्यांत जिवंत अळ्या सापडल्या. अळ्या होत्या भूमध्यसागरी फळमाशीच्या. माल रीतसर शीतप्रक्रियेतून गेलेला होता, कागदपत्रेही चोख होती. अमेरिकी कृषी खात्याने आयात थांबवली आणि २००२ मध्ये ती पुन्हा सुरू करताना प्रक्रियेचे दिवस वाढवले. १.११ अंश सेल्सिअसला पूर्वी बारा दिवस पुरत, आता चौदा, १.६६ ला चौदाचे सोळा, २.२२ ला सोळाचे अठरा. फळमाशी आणि थंडी हा माझा अभ्यासाचा विषय असल्याने या वाढीव दोन दिवसांकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो.

थंडीत अळी गोठून मरते, असा बहुतेकांचा समज असतो. एक-दोन अंशांवर तिच्या अंगात बर्फाचा कणही होत नाही. कीटकांच्या शरीरातले द्रव शून्याच्या बऱ्याच खालीही पातळ राहू शकतात. घडते ते असे : पेशींच्या पटलांवर सोडियम बाहेर काढणारे आणि पोटॅशियम आत खेचणारे पंप असतात. थंडीने त्यांचा वेग मंदावतो, पण क्षारांची गळती त्या प्रमाणात कमी होत नाही. पोटॅशियम पेशींबाहेर साचत जाते, मज्जातंतू आणि स्नायू निकामी होतात, अळी निपचित पडते. ही झाली शीतमूर्च्छा. या टप्प्यावर अळीला उबेत आणले तर पंप पुन्हा चालू होतात आणि ती वळवळायला लागते. तशीच थंडीत ठेवली तर पेशींत कॅल्शियम घुसते, पेशी मरू लागतात आणि मग ऊब मिळूनही उपयोग नसतो. म्हणजे मारण्याचे काम तापमानाइतकेच वेळही करतो.

मग अळी मेली हे ठरवायचे कसे? थंडीतून काढल्या काढल्या सगळ्याच मेल्यासारख्या दिसतात. त्यांना दिवसभर उबेत ठेवून मग हलक्या ब्रशने डिवचतात. काही हलतात, पण कोष करत नाहीत. काहींचा कोष होतो, त्यातून माशी मात्र बाहेर पडत नाही. यांना जिवंत म्हणायचे की मृत? मी कडक बाजूचा आहे : हलली की जिवंत. बंदरावर फळ कापणारा निरीक्षक तिच्या कोषाची वाट पाहत बसणार नाही.

वयाचाही प्रश्न आहे. मादी सालीखाली अंडी घालते, अळी तीन अवस्थांतून वाढते आणि फळातून उडी मारून कोषासाठी मातीत जाते. आपल्या आंब्या-पेरूंतल्या बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिसची तिसऱ्या अवस्थेतली लठ्ठ अळी थंडीला सर्वांत चिवट समजली जाते. इतर जातींत हा मान दुसऱ्या एखाद्या अवस्थेकडे असू शकतो. चाचणी नेहमी सर्वांत चिवट अवस्थेवर, आणि तीही फळाच्या आत असतानाच घ्यावी लागते. गराला थंड व्हायला वेळ लागतो, म्हणून तापमापकाची सुई गरात खुपसतात आणि गर ठरलेल्या तापमानाला आल्यावरच दिवस मोजायला सुरुवात करतात.

थंडीची सवय हीदेखील एक भानगड आहे. ड्रोसोफिला, म्हणजे पिकल्या केळ्यांवर घोंगावणारी चिलटे, पाच अंशांत दोनेक तास ठेवली तर त्यानंतरच्या उणे पाच अंशांत पुष्कळ जास्त संख्येने तग धरतात, हे १९९० च्या सुमारास दाखवले गेले. तेव्हा फळ किती सावकाश थंड केले, याचीही नोंद प्रयोगाच्या अहवालात असावी, असे मला वाटते. बऱ्याचदा ती नसते.

दिवस ठरवण्यामागे १९३९ मध्ये बेकर या अमेरिकी शास्त्रज्ञाने सुचवलेला निकष आहे, प्रॉबिट ९. दहा लाखांत फार तर बत्तीस वाचाव्यात, इतकी मर. ९५ टक्के खात्रीने ती सिद्ध करायची तर ९३,६१३ कीटकांवर प्रक्रिया करून एकही जिवंत राहता कामा नये. एवढ्या अळ्या पाळायच्या, फळांत भरायच्या आणि मोजायच्या! या शास्त्रातला निम्मा घाम मोजण्यातच जातो.

आपल्याकडचा वाचक इथे विचारतोच, मग हापूस का नाही असा थंड करून पाठवत? संत्रे पंधरवडाभर एक-दोन अंश सोसते. हापूस बारा-तेरा अंशांखाली काही दिवस राहिला तरी साल काळवंडते, चट्टे पडतात, फळ धड पिकत नाही. अळीच्या आधी आंबाच हरतो. म्हणून जपानसाठी आंब्याला ४७.५ अंशांची बाष्प-उष्णता वीस मिनिटे देतात. अमेरिकेने २००७ मध्ये दार उघडले ते गॅमा किरणांच्या अटीवर, किमान ४०० ग्रे. लासलगावच्या केंद्रात हे काम सुरू झाले. या मात्रेने अळी लगेच मरत नाही, तिची पुढे धडधाकट माशी होत नाही, एवढेच. त्यामुळे संत्र्यात सापडली तर अख्खा व्यापार थांबवणारी जिवंत अळी विकिरण केलेल्या आंब्यात सापडली, तर तेवढ्यावरून प्रक्रिया फसली असे म्हणता येत नाही. तिथे अळी डिवचून काहीच कळत नाही, पेट्यांबरोबर ठेवलेल्या मात्रामापकाची नोंद पाहावी लागते.