लँकेस्टरची लांब बंदूक

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात लँकेस्टर हे जुने गाव आहे. अठराव्या शतकात तेथील जर्मन वंशाच्या कारागिरांनी एक लांब, सडपातळ बंदूक घडविली. जेकब डिकर्ट हा त्यांतील नामांकित कारागीर. मेपलच्या लहरदार लाकडाचा दस्ता आणि चाळीस इंचांहून लांब नळी ही तिची ओळख. गावाजवळच्या लँडिस व्हॅली संग्रहालयात त्या काळचे ग्रामजीवन पाहावयास मिळते.

दिवाणखान्यातील शेकोटीच्या वर अशी बंदूक शोभेसाठी लावण्याची हौस अमेरिकेत आजही आहे. निवड करताना प्रथम भिंतीचे माप घ्यावे. बंदूक सुमारे पाच फूट भरते. अस्सल जुन्या दस्त्याला शेकोटीची धग सोसत नाही, लाकूड सुकून तडकते. शिवाय अशा बंदुकीत कधी कधी जुनी दारू व गोळी तशीच राहिलेली आढळते. नळीत लाकडी काठी सोडून आतली व बाहेरची लांबी ताडून पाहतात. आतली बरीच कमी भरली, तर जाणकाराकडूनच ती रिकामी करून घ्यावी.

बत्तीचे छिद्रच न पाडलेल्या प्रतिकृतीही मिळतात. त्यांतील काही भारतात घडतात. मुलाबाळांच्या घरात तीच निवड शहाणपणाची.