लोझानच्या आधीची चाळणी

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात दरवर्षी जानेवारी सरता सरता पंधरा ते अठरा वर्षांची मुलंमुली जगभरातून येऊन उतरतात. फिलिप ब्राउनश्वाइग या स्विस उद्योगपतीने आणि त्याची पत्नी एल्व्हिर हिने १९७३ मध्ये सुरू केलेली ‘प्री द लोझान’ ही त्यांची स्पर्धा. बॅले शिकणाऱ्यांच्या जगात हिचा दबदबा मोठा. पण इथे जिंकणारा काही चषक मिरवत घरी जात नाही. त्याला शिष्यवृत्ती मिळते आणि स्पर्धेशी जोडलेल्या नामवंत शाळा आणि कंपन्यांच्या यादीतून पुढचा मुक्काम ठरवता येतो. लंडनचं रॉयल बॅले स्कूल त्या यादीतलं एक जुनं आकर्षण. रुमानियात जन्मलेली अलिना कोजोकारू १९९७ मध्ये लोझानला जिंकली आणि लंडनला शिकायला आली. ब्राझीलची मायारा माग्री २०११ मध्ये त्याच वाटेने आली. दोघीही पुढे रॉयल बॅलेच्या प्रिन्सिपल डान्सर झाल्या.

मग लंडनच्याच शाळेत शिकणाऱ्या इंग्रज मुलीने लोझानला जाऊन मिळवायचं काय? बाकीच्यांना बक्षीस म्हणून हवी असलेली जागा तिच्याकडे आधीच आहे. ब्रिटनमधले बॅलेचे विद्यार्थी आंतरराष्ट्रीय स्पर्धांकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात, त्याचं एक कारण हे आहे. इंग्लंडात मी बरीच वर्षं हौशी वर्गांना बॅले शिकवते. गावातली एखादी मुलगी स्पर्धेसाठी निवडली गेली की तिच्या घरी आनंदीआनंद असतो, पण निवासी नृत्यशाळांमधल्या मुलांना त्याचं फारसं अप्रूप नसतं. त्यांची खरी निवड अकराव्या वर्षीच होऊन गेलेली असते.

रिचमंड पार्कमधलं व्हाइट लॉज हे दुसऱ्या जॉर्जसाठी बांधलेलं शिकारघर. आजही बाहेर हरणं फिरतात. निनेट द व्हॅल्वा यांनी १९२६ मध्ये सुरू केलेल्या शाळेचा, म्हणजे आजच्या रॉयल बॅले स्कूलचा, धाकटा विभाग १९५५ पासून इथे भरतो. ऑडिशनला येणाऱ्या मुलांच्या अंगावर नंबर लावलेला असतो. आधी साधा वर्ग घेतात, मग फिजिओथेरपिस्ट मांडीचा सांधा किती बाहेर वळतो, पाठ कशी वाकते, पावलाला कमान किती आहे हे हात लावून पाहतात. नाच येतो की नाही, याला तिथे दुय्यम महत्त्व. हे शरीर पुढची आठ वर्षं हा ताण सोसेल का, एवढंच पाहायचं असतं. आत गेल्यावरही जागा पक्की नसे. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात काही मुलांना शाळा सोडायला सांगायची रीत कितीतरी वर्षं चालू होती. सोळाव्या वर्षी पुन्हा चाळणी, कारण कोव्हेंट गार्डनमधल्या वरच्या शाळेच्या जागांवर तेव्हा सगळ्या जगाचा डोळा असतो. लोझानचे आणि इतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे विजेते नेमके याच टप्प्यावर येतात. पाच वर्षं व्हाइट लॉजमध्ये घासलेल्या मुलीला स्पर्धेतला प्रतिस्पर्धी स्वित्झर्लंडमध्ये भेटत नाही. तो तिच्याच बारवर, म्हणजे सरावाच्या दांड्याशी, येऊन उभा राहतो.

ब्रिटनमध्ये बॅलेची वाढ स्पर्धांपेक्षा परीक्षांच्या आधाराने झाली, हेही ध्यानात घ्यायला हवं. १९२० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेला पुढे राजमान्यता मिळाली आणि ती आज रॉयल अॅकॅडमी ऑफ डान्स म्हणून ओळखली जाते. तिच्या परीक्षा गावोगावी होतात, मुंबईतही होतात. आपल्याकडे गांधर्व महाविद्यालयाच्या प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा पायऱ्या असतात, तशाच या ग्रेड्स. परीक्षक बाहेरून येतो, ठरलेला अभ्यासक्रम पाहतो, गुण देतो आणि निघून जातो. अॅकॅडमीच्या पहिल्या अध्यक्षा, डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अॅडलिन जेने यांच्या नावाने १९३१ मध्ये सुवर्णपदक सुरू झालं, तेही याच परंपरेतून. त्याचीच पुढे जेने आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. २०१६ मध्ये सिडनी, मग लिस्बन, हाँगकाँग, टोरांटो असा तिचा मुक्काम हलत राहिला, आणि त्यानंतर मार्गो फॉन्टेनचं नाव तिला मिळालं. फॉन्टेन १९५४ पासून १९९१ मध्ये मृत्यू येईपर्यंत अॅकॅडमीच्या अध्यक्षा होत्या.

या स्पर्धेत शिरायचं तर आधी अॅकॅडमीच्या वरच्या परीक्षा चांगल्या गुणांनी पार केलेल्या असाव्या लागत. म्हणजे निवड निम्मी झालेलीच. स्पर्धेच्या आठवड्यात आधी कित्येक दिवस सगळ्यांना एकत्र शिकवलं जातं, नवी रचना दिली जाते, आणि ती अंगात किती लवकर मुरते हे परीक्षक पाहतात. मला ही पद्धत सगळ्यांत प्रामाणिक वाटते. घरून वर्षभर घोटून आणलेल्या दोन मिनिटांवर सगळं ठरत नाही. नैरोबीत जन्मलेली आणि ससेक्समधल्या वर्दिंगला वाढलेली फ्रान्सेस्का हेवर्ड २०१० मध्ये इथे रौप्यपदक आणि प्रेक्षकांची पसंती दोन्ही घेऊन गेली. ती तेव्हा रॉयल बॅले स्कूलमध्येच शिकत होती. जागेसाठी तिला स्पर्धेची गरज नव्हती. पण परक्या प्रेक्षकांसमोर एकटीने मंच भरायचा सराव शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मिळत नाही. तिथे चोवीस हंसांमधला एक हंस व्हावं लागतं.

स्पर्धांची दुसरी दुनिया याच्या अगदी खाली, टाउन हॉलमध्ये भरते. ब्रिटनमधल्या संगीत-नृत्य महोत्सवांचा संघ १९२१ पासून आहे. शनिवारी सकाळी आठला आया केसांना जाळी लावत बसलेल्या, दाराशी चहाचा स्टॉल, पहिल्या रांगेत टेबलावर दिवा लावून बसलेला परीक्षक. त्याने लिहिलेला अभिप्रायाचा कागद मुलं जपून ठेवतात. या फळीतूनच डान्स वर्ल्ड कपसारख्या स्पर्धांना मुलं जातात आणि त्यांच्या ट्रॅकसूटवर ‘टीम इंग्लंड’, ‘टीम वेल्स’ अशी अक्षरं येतात. स्थानिक वर्तमानपत्रात बातमी छापून येते : अमुक गावची मुलगी इंग्लंडचं प्रतिनिधित्व करणार.

इथे वाचकाने थोडं सावध राहावं. बॅलेत ऑलिंपिकसारखा राष्ट्रीय संघ नसतो, सरकार कुणाला निवडत नाही. या संघांची निवड संयोजक स्वतःच्या पात्रता फेऱ्यांतून करतात, आणि विमान, हॉटेल, पोशाख, शिक्षकाचं मानधन हे सगळं सहसा आईबापांच्या खिशातून जातं. केक विकून, मोटारी धुऊन, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून वर्गणी जमवून मुलांना पाठवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. मुलांचा आनंद खोटा नसतो आणि कष्ट तर त्याहून नसतात. पण तिथलं पदक पाहून व्हाइट लॉजचं दार उघडत नाही, हे कुणीतरी त्यांना वेळेवर सांगायला हवं. निवासी शाळांचं निदान एक बरं : रॉयल बॅले, बर्मिंगहॅमची एल्महर्स्ट, ट्रिंग पार्क आणि चेस्टरची हॅमंड या चार शाळांमध्ये सरकारी योजनेतून कुटुंबाच्या मिळकतीप्रमाणे फी भरायला मदत मिळते. बाहेरदेशच्या मुलाला तीही नाही. मुंबईच्या एका वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह २०१७ मध्ये रॉयल बॅले स्कूलला गेला, तेव्हा प्रवेशाइतकीच धडपड पैशांसाठी करावी लागली होती. ‘ये बॅले’ या चित्रपटामुळे ती गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे.

पुन्हा लोझानकडे वळायचं तर, तिथली पहिली निवड व्हिडिओवर होते. चारशेच्या वर अर्जांतून ऐंशी-पंच्याऐंशी जणांना बोलावणं येतं. हा व्हिडिओ करायचा म्हणजे एक रविवार स्टुडिओ भाड्याने घ्यायचा, कारण इतर दिवशी शेजारच्या खोलीतल्या टॅपच्या वर्गाचा खडखडाट ध्वनिमुद्रणात येतो. बार, सेंटर, मुलींसाठी पॉइंटचं, म्हणजे बोटांच्या टोकांवरचं, काम आणि एक व्हेरिएशन, म्हणजे एकल नृत्य. कॅमेरा कमरेच्या उंचीवर, पाय पूर्ण दिसले पाहिजेत, आणि कपडे असे की गुडघा कुठे वळतो ते लपू नये. सकाळपासून मुलगी बुटांशी झगडत असते. लंडनच्या फ्रीड कंपनीचे पॉइंट शूज अजून हाताने घडवतात. प्रत्येक कारागिराची तळव्यावर खूण असते. पुष्कळ जणी एकाच कारागिराचे बूट वर्षानुवर्षं मागवतात, आणि तो निवृत्त झाला की हवालदिल होतात. नवा जोड आधी पायरीवर आपटायचा म्हणजे टक-टक आवाज मरतो, आतली पट्टी वाकवायची, टोकाला दोऱ्याची शिवण घालायची, फिती शिवायच्या. एवढं करून तो जोड टिकतो कधी एका दुपारपुरता.

पहिल्यांदा व्हिडिओ करणाऱ्या मुली सगळा जीव व्हेरिएशनमध्ये ओततात. परीक्षकांची नजर मात्र बारवरच्या साध्या प्लिएवर, म्हणजे गुडघे वाकवण्यावर, अधिक रेंगाळते. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत जातो की आत पडतो? उडी मारून उतरताना टाच जमिनीला लागते का? पाय कमरेतून बाहेर वळतो, की घोट्यातून ओढूनताणून वळवलाय? तीन पिरुएट कुणालाही शिकवता येतात. वाईट सवयीने बसलेलं हे वळणं, म्हणजे टर्नआउट, अठराव्या वर्षी सुधारायला फार उशीर झालेला असतो. लोझानला पोचल्यावरही वर्गातल्या कामाला गुण असतात आणि बोलिए थिएटरचा मंच प्रेक्षकांच्या दिशेने उतरता असतो. सपाट फरशीवर शिकलेल्या मुलांचा तोल पहिल्या दिवशी पुढे जातो.

इंग्रजी शिक्षणाची चव आणि स्पर्धेची चव यांचं फारसं जमत नाही. नृत्यरचनाकार फ्रेडरिक अॅश्टनच्या रचनांवर वाढलेल्या शाळेत खांद्याचं वळण, कमरेतून झुकणारी पाठ, पावलांची झरझर याला मोल असतं. पाय कानापर्यंत नेणं तिथे जरासं उथळ समजलं जाई. लारिसा आणि गेन्नादी सावेलिएव्ह यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या यूथ अमेरिका ग्रां प्रीत मात्र नऊ वर्षांच्या मुलीही ‘एस्मेराल्दा’मधल्या डफाला पायाच्या टोकाने टोले देताना दिसतात, आणि टाळ्या तिथेच पडतात. मी दोन्ही बाजूंनी पाहून थकले आहे. इंग्रज शाळांचा संयम मला मनापासून आवडतो, पण त्या संयमाच्या आड तंत्रातला ढिलेपणा लपतो, तेव्हा जपानी किंवा कोरियन मुलांच्या शेजारी तो एका मिनिटात उघडा पडतो. 

तरीही स्पर्धांना गेलेल्या इंग्रज मुलांची नावं पाहावीत. डार्सी बसेल तेराव्या वर्षी, म्हणजे बरीच उशिरा व्हाइट लॉजमध्ये आली आणि मागे पडल्यासारखी चाचपडत राहिली. १९८६ मध्ये लोझानला तिला पारितोषिक मिळालं. तीन वर्षांनी, विसाव्या वर्षी, केनेथ मॅकमिलनच्या ‘प्रिन्स ऑफ द पॅगोडाज’नंतर ती रॉयल बॅलेची प्रिन्सिपल झाली. सॉमरसेटमधल्या योव्हिलच्या क्रिस्टोफर व्हील्डनने १९९१ मध्ये लोझानलाच सुवर्णपदक मिळवलं आणि त्याच वर्षी रॉयल बॅलेत प्रवेश केला. दोन वर्षांनी पाय दुखावून घरी बसलेला असताना त्याने टीव्हीवर जाहिरात पाहिली : हूव्हर कंपनीचा व्हॅक्यूम क्लीनर घ्या, अमेरिकेचं विमान तिकीट फुकट. ती योजना कंपनीला पुढे भलतीच महागात पडली, पण व्हील्डन न्यूयॉर्कला जाऊन पोचला, तिथल्या सिटी बॅलेत शिरला आणि नृत्यरचनाकार म्हणून जगभर गाजला. त्याला पदकाने नेलं की व्हॅक्यूम क्लीनरने, हे ज्याने त्याने ठरवावं. लॉरेन कथबर्टसन २००२ मध्ये बल्गेरियातल्या व्हार्नाहून रौप्यपदक घेऊन आली. १९६४ पासून भरणारी, बॅलेची ही सर्वांत जुनी स्पर्धा उघड्या नाट्यगृहात होते.

२००६ चं उदाहरण आणखी बोलकं आहे. लोझानला जिंकलेला सर्गेई पोलुनिन रॉयल बॅले स्कूलचा विद्यार्थी होता आणि मूळचा युक्रेनचा. हे यश ब्रिटनचं म्हणायचं का? क्यूबाचा कार्लोस अकोस्टा १९९० मध्ये लोझानला सुवर्णपदक जिंकला, वर्षभरात इंग्लिश नॅशनल बॅलेत आला, आणि २०२० पासून तो बर्मिंगहॅम रॉयल बॅलेचा संचालक आहे. आज इंग्रज मुलांना नोकरी देणं-न देणं त्याच्या हातात आहे.

या सगळ्याची शरीरावर पडणारी किंमत टाळून पुढे जाता येत नाही. २०२३ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ने दोन नावाजलेल्या ब्रिटिश बॅले शाळांच्या माजी विद्यार्थ्यांचे अनुभव दाखवले : वजनावरून मारलेले टोमणे, त्यातून जडलेले खाण्याचे आजार. लोझानमध्ये उमेदवारांच्या प्रकृतीची तपासणी होते, आणि धोकादायक इतकं कमी वजन असलेल्यांना थांबवण्याची तरतूद आहे. मंचावर परीक्षकाला काडीसारखे हातपाय आवडत असतील, तर एक तपासणी कितीशी पुरणार, हा माझा जुना आक्षेप आहे.

युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यापासून मात्र गणित बदललं आहे. पूर्वी अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा स्वस्त विमानाने ड्रेस्डेन, अॅमस्टरडॅम, लिऑन असं ऑडिशन देत फिरायचा आणि करार मिळाला की बॅग घेऊन तिथेच राहायचा. आता एकशेऐंशी दिवसांत नव्वदच दिवसांचा मुक्काम, आणि नोकरीसाठी परवाना. इतक्या अर्जदारांत एकासाठी कागदपत्रांची उठाठेव करायची, तर कंपनीला तो आधीपासून ओळखीचा हवा. लोझानला अंतिम फेरीत न पोचलेल्यांसाठीही एक वर्ग ठेवतात. शाळांचे आणि कंपन्यांचे संचालक भिंतीला टेकून बसतात, नंबर टिपून घेतात आणि संध्याकाळी प्रस्ताव देतात. लंडनच्या शाळेत जागा असलेली मुलंही आता स्टुडिओ भाड्याने घेऊन व्हिडिओ पाठवतात, त्यात या वर्गाचा वाटा पदकापेक्षा मोठा आहे.