चाचणीची पेटी

संशोधन विद्यापीठात व्हावे, शिक्षण महाविद्यालयात मिळावे आणि उपचार रुग्णालयात चालावेत, अशी खातेवाटणी आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की, ही तिन्ही कामे एकाच टेबलाशी, एकाच मुलासमोर, एकाच तासात होऊ शकतात, किंबहुना तशी झाल्यावाचून त्यांतले एकही धड होत नाही, हे चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मला दरवर्षी नव्याने सांगावे लागते. १९४९ साली अमेरिकेतील बोल्डर येथील परिषदेने या शास्त्राच्या अभ्यासकाने संशोधक आणि चिकित्सक असे दोन्ही व्हावे असा दंडक घातला. १९५५ साली बंगळूरच्या अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत वैद्यकीय मानसशास्त्राची पदविका सुरू झाली. ठराव आणि अभ्यासक्रम आपापल्या जागी योग्यच आहेत. पण या त्रयीची खरी कसोटी पाहावयाची, तर बिने-कामत चाचणीची पेटी उघडावी, असे माझे मत आहे.

फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने यांनी सिमोन यांच्यासह १९०५ साली रचलेली आणि पुढे अमेरिकेत टर्मन यांनी सुधारलेली ही बुद्धिमापनाची पद्धती व्ही. व्ही. कामत यांनी तेव्हाच्या मुंबई प्रांतातील धारवाडात मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी नव्याने बेतली, आणि त्या परिश्रमाचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. परकीय चाचणीचे नुसते भाषांतर करून न थांबता, कोणत्या वयाच्या मुलाला काय यावे याची प्रमाणके इथल्याच मुलांवर पडताळून ठरविण्याचा जो काटेकोरपणा त्यांनी दाखविला, त्याविषयी मला आजही अपार आदर वाटतो.

रचना मोठी सुबोध आहे. एका वर्षाचे सहाही प्रश्न मुलाला आले, की ते त्याचे आधारवय. त्यापुढच्या वर्षांतील प्रत्येक बरोबर उत्तराचे ठरलेले महिने मिळवीत जावयाचे, आणि सारे चुकतील तेथे थांबावयाचे. असे निघालेले मानसिक वय खऱ्या वयाशी ताडले, की गुणांक मिळतो. हे गणित विद्यार्थी एका दुपारी शिकतो. परंतु चौकटीच्या आकृतीची नक्कल करताना मुलाने पेन्सिल कशी धरली, कोपऱ्याशी हात अडला तेव्हा त्याने कागदच फिरविला की आईकडे पाहिले, रेघ चुकली हे त्याला स्वतःला कळले की नाही, हे पाहावयास शिकण्यास दोन वर्षेही अपुरी पडतात. आणि हे न पाहता काढलेला गुणांक मी सही करण्याजोगा मानीत नाही.

अशी ही चाचणी दिव्यांगत्वाचा दाखला देण्यासाठी आजही वापरली जाते. मात्र ज्या पिढीवर तिची प्रमाणके ठरली, तिच्या काळी रुपयाचे सोळा आणे होते. चाचणी जुनी झाली की तिच्यावर नव्या पिढीचे गुण फुगून येतात, हे जेम्स फ्लिन यांनी अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवून दिले आहे. या शास्त्रीय सिद्धान्ताचा व्यवहारातला अर्थ फार कठोर आहे: ज्या मुलाचा गुणांक खरोखर सत्तरच्या खाली भरावा, तो कागदोपत्री थोडा वर सरकतो, आणि त्या दोन-चार गुणांपायी त्याचा दाखला, त्याची सवलत, परीक्षेत मिळावयाचा जादा वेळ, सारेच हुकते. आणि ज्या उत्तरपत्रिकांवरून कोणता प्रश्न शिळा झाला हे उमगले असते, त्यांतला केवळ गुणांक नोंदवहीत चढतो. बाकीचे बाड कालांतराने रद्दीत जाते. याचे मला मनस्वी दुःख होते.

उपचार करता करताच संशोधन करण्याची ही दृष्टी प्रौढ रुग्णांच्या बाबतीत लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील मॉन्टे शापिरो यांनी १९६१ साली मांडलेल्या वैयक्तिक प्रश्नावलीत दिसते. ‘दिवेलागणीला जीव खालीवर होतो’ असे रुग्ण म्हणाला, तर तेच त्याचे वाक्य कमी-अधिक तीव्रतेच्या पायऱ्यांनी कार्डांवर लिहावयाचे आणि प्रत्येक भेटीत आज यांतले कोणते लागू आहे हे त्यालाच ठरवू द्यावयाचे. ‘सर, आता बराच फरक आहे’ असे विद्यार्थी सांगू लागला, की मी ‘कशावरून?’ एवढेच विचारतो, आणि तो कार्डे पुढे करतो. एकाच माणसावरचे हे संशोधन आहे, आणि त्याचा पहिला लाभ त्या माणसालाच होतो.

ज्यांच्या हाती आज कामतांची पेटी आहे, त्या माझ्या सहव्यवसायी बंधुभगिनींना माझी कळकळीची विनंती आहे, की मुलाचे नाव-गाव वगळून त्याचे वय, इयत्ता, घरची भाषा आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर जपून ठेवावे, आणि पालकांच्या संमतीने ते जवळच्या विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागाकडे रुजू करावे. रुग्णालयात येणारी मुले सर्व मुलांची प्रतिनिधी नव्हेत, म्हणून नवी प्रमाणके एवढ्यावरून ठरणार नाहीत. त्यासाठी विभागांनी आपले विद्यार्थी प्रबंधाच्या निमित्ताने शाळाशाळांतून, आश्रमशाळांतूनही, पाठविले पाहिजेत. ही तजवीज करण्यास कोणत्याही सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.